सोडणे आणि टाकणे

मार्गशीर्षातली गोष्ट आहे. पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरकुशीतल्या एका लहान गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. दुपारचे भागवत-प्रवचन आमच्याकडे असल्यामुळे आठही दिवस आमचा मुक्काम गावातच होता. गाव अर्धे रिकामे. दिवाळी झाली की या भागातली धट्टीकट्टी माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे. तेव्हा श्रोतृवर्ग म्हणजे पांढरी डोकी आणि त्यांच्या मांडीला टेकलेली नातवंडे, असाच होता.

एकादश स्कंध चालू होता. अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान लागले होते आणि त्या दिवशी मासा हा गुरू आला होता. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीला भुलून मासा प्राण गमावतो, त्याप्रमाणे जिभेच्या अधीन झालेला जीव नाश पावतो. बाकीची इंद्रिये उपासाने थकतात, रसना मात्र उपासाने अधिकच चेवते. हे सगळे आम्ही अंमळ रंगवून सांगितले. प्रवचन संपले. एक माळकरी म्हातारी नऊ-दहा वर्षांच्या नातवाचा हात धरून पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, आता ह्यालाच सांगा बरं काही. आई-बाप उसाला गेल्यापासून भाजीला तोंड लावीना झालंय. नुसता बटाटा, न्हाई तर दुकानातली पाच रुपयाची पुडी. देवाची शप्पत घाला ह्याला."

आम्ही त्या मुलाला जवळ बसविले आणि विचारले, "काय रे बाळ, भाजी का खात नाहीस?"

मुलगा धीट होता. म्हणाला, "महाराज, वांगं तुम्ही चार महिने खात न्हाई. आजीबी खात न्हाई. त्याला नेम म्हणतात. मग मी भाजी खात न्हाई तर त्याला खोड काहून म्हणतात? माझा तर बारा महिने नेम हाय!"

मंडळी खो खो हसली. आम्हीही हसलो. पण पोराचे बोलणे संपले नव्हते. खाली मान घालून तो पुढे म्हणाला, "आन् काल आजीनं शेपूची जुडी परत ठिवली. म्हणली, महाराजांना शेपू चालत न्हाई."

आता हसणे थांबले. कारण ते खरे होते. ज्या ज्या गावी आमची सेवा असते, तेथे तेथे आमच्या आधीच ही वार्ता पोचलेली असते. महाराजांना शेपू चालत नाही! नुकतेच आम्ही व्यासपीठावरून माशाचा गळ दाखविला होता. या पोराने आमच्या घशातला गळ दाखविला.

त्या वेळी आम्ही "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप येईना. वाचकहो, प्रश्न लहान तोंडातून आला म्हणून लहान होत नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत माळकरी कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करतो. त्या आधीच्या नवमीला कांदेनवमी म्हणून ते पोटभर खातो. याला आपण व्रत म्हणतो. पोर ताटातली मेथी बोटाने बाजूला सारते, त्याला आपण हट्ट म्हणतो. दोन्हीकडे क्रिया एकच, न खाणे. मग एकीला पुण्य आणि दुसरीला धपाटा, हा भेद कशावरून?

पाठशाळेत आम्हाला एक शिस्त लावली होती. पूर्वपक्ष जितका बळकट मांडता येईल तितका मांडावा, मगच त्याचे खंडन करावे. म्हणून आधी मुलाची बाजू मांडतो. जीभ कडू नाकारते यात मुलाचा अपराध नाही. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या जिभेला गोड लावले तर ते मिटक्या मारते, कडू लावले तर तोंड वेडेवाकडे करते. त्याला कोणी शिकविलेले नसते. वनस्पतींतली पुष्कळशी विषे कडू असतात, तेव्हा हा पहारेकरी निसर्गानेच जिभेच्या दारात बसविला आहे. शब्दांचीही एक गंमत आहे. संस्कृतात कटु म्हणजे मिरची-सुंठीची चव आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाची. मराठीत आलो की कटुचे कडू होते आणि अर्थ थेट तिक्ताचा होतो. जेथे शब्दालाही चवीची ओळख पटायला इतका गोंधळ झाला, तेथे नऊ वर्षांच्या जिभेला दोष कसा द्यावा? तेव्हा भाजी न खाणे हे पाप नव्हे. लेकराच्या नावडीला पाप म्हणणाऱ्याने पाप शब्दच स्वस्त केला.

पण ते पाप नाही म्हणून व्रत ठरते, असेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याग तीन प्रकारचा सांगितला आहे. त्यात कष्टाच्या भयाने, शरीराला त्रास होईल म्हणून जो त्याग केला जातो त्याला राजस म्हटले आहे आणि अशा त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही असा निर्वाळा दिला आहे. तेथे विषय कर्माचा आहे, भाजीचा नाही. पण न्याय तोच लागू पडतो. आमच्या मराठीत यासाठी दोन सोपे शब्द आहेत. एक सोडणे, दुसरा टाकणे. वांगे सोडले म्हणतो आणि पानात भाजी टाकली म्हणतो. बायाबापड्यांनी हा भेद कोणत्याही शास्त्राविना भाषेत जपला आहे.

सोडण्याची लक्षणे आम्हाला चार दिसतात. पहिले, जे सोडायचे ते आवडीचे असते. भरताची चव ज्याला ठाऊक आहे त्यानेच वांगे सोडण्यात अर्थ. दुसरे, सोडण्याला काळ असतो, संकल्प असतो आणि समाप्तीही असते. कार्तिकी झाली, चंपाषष्ठी आली की भरीत-रोडगा ताटात येतो आणि आपण तो आनंदाने घेतो. तिसरे, सोडण्याचा भार सोडणाऱ्यावर पडतो, रांधणाऱ्यावर पडत नाही. चौथे, सोडलेल्या वस्तूची निंदा होत नाही. अन्नाची निंदा करू नये हे व्रतच तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत सांगितले आहे. चातुर्मासात वांग्याला कोणी नाक मुरडत नाही. आता टाकण्याकडे पाहा. तेथे चव घेण्याआधीच तोंड फिरते, त्याला समाप्ती नसते, भार चुलीपुढे बसलेल्या बाईवर पडतो आणि वर "शी!" असा आहेरही मिळतो.

ही चार लक्षणे आम्ही मनाशी मोठ्या समाधानाने जुळविली आणि मग आमच्याच शेपूला लावून पाहिली. शेपू आम्हाला आवडतो का? नाही. त्याला काळ आहे का? पन्नास वर्षे झाली, समाप्ती नाही. भार कोणावर? ज्या गावी जातो तेथल्या माउल्यांवर. निंदा? मुखाने करीत नाही, पण आमच्या येण्याआधी जुडी परत ठेवली जाते, यापेक्षा मोठी निंदा कोणती? तेव्हा पोराची खोड आणि महाराजांचा नेम एकाच खात्यावर जमा झाले. उलट पोर बरे. ते नऊ वर्षांचे आहे.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, आजकालच्या पोरांना भूक ठाऊक नाही. आमच्या वेळी जे मिळेल ते खात होतो." हे आम्हीही पुष्कळदा बोललो आहोत. १९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, बांधावर जे हिरवे दिसेल ते खाल्ले आणि गोड मानून खाल्ले. पण खरे सांगायचे तर तो गुण आमचा नव्हता, दुष्काळाचा होता. पाऊस बरा झाला, ताटात दोन पदार्थ आले आणि आम्ही शेपू बाजूला सारू लागलो. भुकेने भाजी खाल्ली जाते हे खरे. पण लेकराला भाजी खाता यावी म्हणून त्याच्यावर दुष्काळ यावा, अशी इच्छा कोणती आई करील?

मग उपाय काय? म्हातारीने सांगितलेला उपाय शपथेचा होता. तो आम्ही साफ नाकारला. ज्याच्या नावाने सप्ताह चालू आहे, त्याला भाजीचा फौजदार करून पोराच्या ताटापुढे उभे करायचे काय? आज भाजीच्या भयाने जे लेकरू देवाला भिईल, ते उद्या भाजीबरोबर देवालाही बाजूला सारील.

दुसरा उपाय लालुचीचा आणि तो घरोघर चालतो. "भाजी संपव, मग पुडी देते." ऐकायला बरा वाटतो. पण लेकराचे मन फार सूक्ष्म हिशेब करते. ज्या वस्तूसाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे आणि जी लाच म्हणून मिळते ती उत्तम असली पाहिजे, असे ते ठरविते. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिले गेले. पुढे त्या पेयाची त्यांची आवड वाढण्याऐवजी घटली. अलीकडच्या काही प्रयोगांत नुसती चव घेण्याबद्दल शाबासकीची एखादी चिकटपट्टी दिल्याचा उपयोगही झालेला दिसतो, हेही सांगितले पाहिजे. पण एका खाण्यासाठी दुसऱ्या खाण्याची लाच, हा सौदा सगळ्यांत वाईट. आपल्याकडे सकाम कर्माचा जो दोष सांगितला आहे तो हाच. फळावर डोळा ठेवून केलेल्या कर्मात कर्माची गोडी कधी लागत नाही.

तिसरा उपाय बळजबरीचा. नाक दाबून घास भरविला तर घास पोटात जातो, पण त्या भाजीच्या वासाला भयाची गाठ पडते. आमच्या शेपूची गाठ अशीच पडली आहे. पाठशाळेत असताना पानात टाकलेला शेपू दुसऱ्या दिवशी तोच पुढे वाढला गेला होता. वाढणाऱ्यांचा हेतू चांगला होता, अन्न वाया जाऊ नये एवढाच. पण आज साठी उलटली तरी तो वास आला की आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो.

या तिन्ही उपायांत एकच चूक आहे. आपण पोराची जीभ जिंकायला निघतो. भागवत सांगते ते स्वतःची जीभ जिंकण्याविषयी. दुसऱ्याची रसना जिंकण्याचे साधन कोणत्याच शास्त्रात नाही.

छांदोग्यात श्वेतकेतूची कथा आहे. अन्नाचा सूक्ष्म भाग मन होतो, असे उद्दालकाने मुलाला सांगितले. मुलाला ते पटेना. बापाने वाद घातला नाही, शापही दिला नाही. पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र पी, एवढेच सांगितले. पंधरा दिवसांनी वेद म्हणायला बसविले तर पाठ असलेले एक अक्षर आठवेना. मग जेवायला घातले आणि सगळे आठवले. आम्ही लेकरांना उपाशी ठेवा असे मुळीच म्हणत नाही. कथेचा मुद्दा हा, की बापाने पटविण्याचे काम अनुभवावर सोडले. अनुभव यायला वेळ लागतो, तो वेळ त्याने दिला.

आणि हा वेळ किती, याचा अंदाज आता अभ्यासकांनाही आला आहे. नवी चव मुलाच्या जिभेला रुचायला एक-दोनदा वाढून भागत नाही. आठ-दहा वेळा, काही मुलांच्या बाबतीत त्याहूनही अधिक वेळा, चिमूटभर चाखावी लागते. आपण तिसऱ्या दिवशी थकतो आणि "ह्याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. आपली मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीपाशी उगम पावते. तेथे ती पोरासोरांना उडी मारून ओलांडता येते. पुढे तीच कर्नाटक-तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. उगमाशी उभे राहून जो म्हणेल की ही कसली नदी, त्याने नदी पाहिलीच नाही. पहिला घास हा उगम आहे. तो चिमणीएवढा असू द्यावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हातारीला बाजूला बसवून विचारले, "माउली, पूर्वी हा काहीच भाजी खात नव्हता काय?" ती म्हणाली, "त्याची आई घरी असली की मेथी खातो की. ती दाण्याचं कूट घालून करती. मला तसं जमत न्हाई." आता उलगडा झाला. नावड दर वेळी जिभेचीच असते असे नाही. आई दूर कुठे उसाच्या फडात, कोपीत राहते आहे. तिच्या हातची मेथी या घरात नाही. मग म्हातारीच्या हातची खाल्ली तर आईची जागा भरून निघाली असे त्या लेकराच्या मनाला वाटत असेल. आम्ही म्हातारीला म्हटले, "त्याच्या आईला फोन लाव आणि कूट कसे घालायचे ते विचार. विचारताना हा जवळ बसलेला असू दे." तसे झाले. आईने तिकडून सांगितले, पोराने इकडून आजीला दुरुस्त केले.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण परमार्थ व्यवहारावर पाय देऊनच उभा राहतो. हिरव्या पाल्यात लोह असते, डोळ्यांना लागणारे सत्त्व असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर भारतीय बालकांत ६७ जणांना रक्ताची कमतरता आढळली. हीच बालके पुढे शाळेत जातात. पालेभाजीवर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लागत नाही. आमच्याकडे पोरे सकाळी चहा-भाकरी खातात, तो चहा तासभर लांबवावा. भाजीला चमचाभर तेल आणि दाण्याचे कूट असावे. शाळेत दुपारचे अन्न मिळते. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, शिजवलेलेच अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि २०२१ पासून तिला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. सहावी ते आठवीला भाजी ७५ ग्रॅम. पोरे खिचडीतले तुकडे वेचून ताटाच्या कडेला लावतात, तेव्हा तेवढीही पोटात जात नाही. तेथे घरची सवयच उपयोगी पडते. मोरीच्या पाण्यावर वाफाभर मेथी पोरानेच टाकावी; तीन-चार दिवसांत ती उगवते, महिन्याभरात खुडायला येते. अरणच्या सावतोबांनी मळ्याचे काम हीच भक्ती मानली. ज्याने रोप उगवताना पाहिले, त्याला ते सहजासहजी टाकवत नाही. आणि एखादे मूल कोणतीही भाजी तोंडाजवळ येताच ओकारी काढीत असेल, वजनाने घटत असेल किंवा दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, तर तेथे उपदेश थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. तो हट्ट नसून व्यथा असू शकते.

राहिला आमचा शेपू. तिसऱ्या दिवशी प्रवचनात आम्ही मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दिले. सोडणे आणि टाकणे हा भेद सांगितला आणि आमचा शेपू टाकण्यात मोडतो, हेही सर्वांसमक्ष सांगितले. मग यजमानांना म्हटले, "उद्यापासून पंगतीला रोज थोडा शेपू होऊ द्या." तो मुलगा आमच्या शेजारी बसला. त्याला आम्ही खा म्हटले नाही. आमच्या पानात चिमूटभर शेपू वाढला गेला, तो भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्ला. पोर आमच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. तोंड वाकडे झालेच. ते लपविले नाही. पोर म्हणाले, "महाराज, लई घाण लागतो का?" आम्ही म्हटले, "घाण नाही रे. मला जमत नाही अजून." त्याने थोडा विचार केला, आपल्या पानातली मेथी बोटाने उचलली आणि जिभेवर ठेवली. गिळताना त्यानेही तोंड वाकडे केले. मग आम्ही दोघेही हसलो.

काल्यापर्यंत आमचे पाच घास झाले, त्याचेही पाच. काल्याच्या दिवशी त्याने दहीलाह्यांच्या आधी मेथी मागून घेतली, असे सांगता आले असते तर कीर्तनात शोभले असते. पण तसे घडले नाही. त्याने चिमूटभर घेतली आणि उरलेली पानात ठेवली. मात्र "शी" म्हटले नाही. निघताना पाया पडायला आला तेव्हा कानाशी लागून म्हणाला, "महाराज, फुडच्या गावात बी खासाल ना?"

हा प्रश्न आमच्या गळ्यात पडला आहे. पुढच्या गावी आमच्या आधीच वार्ता पोचली होती, जुडी बाजूला ठेवलेली होती. आम्ही ती मागून घेतली. शेपू आम्हाला अजून आवडत नाही. पण आता तो टाकीत नाही. आणि एक उमजले आहे, की ज्याला खाता येते त्यालाच सोडता येते. या मुलाला उद्या मोठेपणी आषाढीला वांगे सोडायचे असेल, तर आज त्याला ते खाता आले पाहिजे. भाजी खायला शिकणे ही व्रताचीच पहिली पायरी आहे. ती पायरी घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटात चढून दाखवावी. पोरे कान देतात थोडे, पण पाहतात फार.

असो. पंगत बसली आहे, वाढप चालू आहे. ज्याने त्याने आपल्या पानाकडे पाहावे.

रामकृष्णहरि.